जहाज, कप्तान आणि ग्रामसभेचे रजिस्टर

निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी आमच्या फॅमिली ग्रुपवर सॉक्रेटिस उगवतो. कधी व्हिडिओत, कधी पिवळ्या अक्षरांच्या चित्रात. जहाज भर समुद्रात, वादळ सुटलेले. सुकाणू कोणाच्या हाती द्यायचे, नौकानयन शिकलेल्याच्या की प्रवाशांनी हात वर करून निवडलेल्याच्या? खाली आमचे एक मामा लिहितात, 'म्हणूनच अडाण्याच्या मताला आणि शिकलेल्याच्या मताला एकच किंमत नसावी.' ज्या वर्षी मामांचा उमेदवार निवडून येतो त्या वर्षी हे जहाज बंदरातच नांगरलेले असते, एवढे मी पाहून ठेवले आहे. मग एखादी भाची उसळते: जिथे माणसे विकली जात आणि बायकांना सभेत पाऊल टाकता येत नसे, तिथल्या म्हाताऱ्यांकडून आम्ही काय शिकायचे? तेवढ्यात तिसरा कोणी बुद्धाच्या काळातल्या वैशालीच्या लिच्छवींना घेऊन येतो. लोकशाही आपल्याकडे आधीपासूनच होती, ग्रीकांचे कौतुक पुरे. मग कोणीतरी नातवाच्या बारशाचे फोटो टाकतो आणि वाद तिथेच बुडतो.

व्याख्यानमालांतून, लेखांतून, टीव्हीवरच्या चर्चांतूनही हाच वाद थोड्या जड शब्दांत चालतो, आणि तितकाच वाईट चालतो. ग्रीकांना साक्षीला बोलावतात सगळे, पण त्यांची साक्ष पुरती ऐकून घेण्याची कोणाची तयारी नसते. माझे म्हणणे असे आहे. मत कोणी द्यावे या प्रश्नावर ग्रीकांकडून शिकण्यासारखे आपल्याला जवळजवळ काही नाही. तिथे आपण त्यांच्या कितीतरी पुढे आलो आहोत. पण मत देऊन झाल्यावर काय? अधिकाराच्या जागी बसवलेल्या माणसाला जाब कसा विचारायचा, आणि खुद्द लोकांनीच घोडचूक केली तर लोकांनीच ती कशी निस्तरायची? या दोन प्रश्नांवर त्यांनी जे करून पाहिले, त्याच्या मानाने आपण अजून पाटीवर धुळाक्षरे गिरवतो आहोत.

आधी त्या जहाजाचे बघू, कारण फॉरवर्डमध्ये ते चुकीचे येते. सॉक्रेटिसचा शिष्य प्लेटो याच्या 'रिपब्लिक'च्या सहाव्या भागात ही गोष्ट आहे, आणि तिच्यात अडाणी प्रवासी मतदान करत नाहीत. तिथे जहाजाचा मालक आहे. अंगाने सगळ्यांहून दांडगा, पण कानाने जरा मंद, नजरेने अधू आणि दर्यावर्दी विद्येत बेताचा. हा मालक म्हणजे लोक. त्याच्याभोवती खलाशी घोटाळतात. सुकाणू मला दे म्हणून गळ घालतात, दुसऱ्याला मिळेल असे दिसले तर त्याचा काटा काढतात, मालकाला दारू नाहीतर गुंगीचे औषध पाजून आडवा करतात आणि जहाजावरचा माल आपसांत वाटून घेतात. ज्याला खरोखर तारे आणि वारे कळतात त्याला ते आकाशाकडे बघत बडबडणारा खुळा म्हणतात. आता सांगा, प्लेटोचा मुख्य राग कोणावर आहे? ज्याला गुंगी दिली त्याच्यावर की देणाऱ्यांवर? मामा ज्या मजकुराचा आधार घेऊन मतदाराला शिव्या घालतात, तो मजकूर मुळात पुढाऱ्यांवरचे आरोपपत्र आहे.

तरीही प्लेटोची बाजू हलकी नाही, आणि ती हलकी करून दाखवणारे लोकशाहीचे भक्त मला मामांइतकेच त्रासदायक वाटतात. त्याच्याजवळ पुरावे होते. इ.स.पू. ४०६ मध्ये अर्जिन्युसीच्या आरमारी लढाईत अथेन्स जिंकले, पण वादळामुळे बुडत्या खलाशांना वाचवता आले नाही. नागरिकांच्या संतापलेल्या सभेने सेनापतींवर एकेकट्याचा खटला चालवण्याऐवजी सगळ्यांचा निकाल एका मतदानात लावायचे ठरवले, जे कायद्याच्या विरुद्ध होते. कोणी आक्षेप घेतला तर लोक ओरडले, की जनतेला जे हवे ते करू न देणे हाच मोठा अपराध आहे. आठ सेनापती दोषी ठरले, हाती लागलेल्या सहांना मारले. त्या दिवशी सभा चालवणाऱ्यांपैकी ज्या एकाने हा ठराव मतदानाला घालण्यास शेवटपर्यंत नकार दिला, त्याचे नाव सॉक्रेटिस. सात वर्षांनी पाचशेएक न्यायदात्यांच्या पुढे तो स्वतः उभा होता. तीस मते इकडची तिकडे पडली असती तर सुटलो असतो, असे प्लेटोने त्याच्या तोंडी घातले आहे. ज्याचा गुरू अशा मोजणीत गेला, त्याने मोजणीवर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

पण या दोन घटनांच्या मधोमध आणखी एक गोष्ट घडली, ती फॉरवर्डमध्ये कधी येत नाही. इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स स्पार्टापुढे हरले आणि तीस निवडक माणसांच्या हाती सत्ता आली. ही माणसे गल्लीतली टगी नव्हती. खानदानी, सुशिक्षित, बोलण्यात तरबेज. त्यांचा म्होरक्या क्रिटियस हा प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ आणि एकेकाळी सॉक्रेटिसच्या बैठकीतला. मामांना हवे तसे, शिकलेल्यांचे राज्य. त्यांनी आठेक महिन्यांत सुमारे दीड हजार माणसे मारली; बऱ्याच जणांचा गुन्हा एवढाच, की त्यांच्याकडे पैसा होता. प्लेटोच्या नावावर जे सातवे पत्र आहे (ते त्याचेच का, यावर पंडितांत वाद आहे), त्यात म्हटले आहे की या लोकांनी आधीची राजवट सोन्यासारखी वाटायला लावली. पुढे लोकपक्षाने लढून शहर परत घेतले, आणि तेव्हा काय केले? मागचे उकरून काढायचे नाही, अशी शपथ घातली. तीस जण आणि त्यांचे मोजके हस्तक सोडून बाकीच्यांना माफी दिली. ज्यांनी सभेला झुंड म्हणून हिणवले त्यांच्या बगलबच्च्यांना त्याच झुंडीने जिवंत सोडले.

इथे एक पेच आहे. प्लेटोने लिहिले, झेनोफनने लिहिले, ॲरिस्टॉटलने लिहिले. पण अथेन्सच्या लोकशाहीची बाजू मांडणारा तिच्याच माणसाचा एकही तत्त्वग्रंथ आपल्या हाती नाही. म्हणजे खटल्यात फिर्यादीची कैफियत जपून ठेवलेली आणि बचावाची फाईल गहाळ, अशी ही अवस्था. मग बचाव शोधायचा कुठे? माझ्या मते तो त्यांच्या कामकाजात आहे. पद मिळण्याआधी प्रत्येकाची तपासणी होई, आणि तिचे प्रश्न ऐकण्यासारखे आहेत. तुझे आईवडील कोण, घराण्याची थडगी कुठे आहेत, आईवडिलांना नीट वागवतोस का, कर भरतोस का, मोहिमेवर गेला होतास का. मग उपस्थितांना विचारत, याच्याविरुद्ध कोणाला काही म्हणायचे आहे का. आपल्याकडे २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उमेदवार मालमत्तेचे आणि गुन्ह्यांचे प्रतिज्ञापत्र देतो. ते संकेतस्थळावर चढते आणि तिथेच राहते. समोर बसवून विचारणारे कोणी नाही.

आणि पद सोडताना? वर्ष संपले की प्रत्येक अधिकाऱ्याला हिशेब द्यावा लागे. नुसता पैशांचा नव्हे, वागणुकीचाही. हिशेब मंजूर होईपर्यंत त्याला देश सोडता येत नसे, आपली मालमत्ता देवाला वाहता येत नसे, मृत्युपत्रसुद्धा करता येत नसे. त्या देवाच्या कलमावर मी दर वेळी थबकतो. कोणी तरी आधी तसे करून पाहिल्याशिवाय असा नियम सुचेल का? खुद्द पेरिक्लीसला, ज्याच्या नावाने त्या काळाला सुवर्णयुग म्हणतात त्याला, इ.स.पू. ४३० मध्ये पदावरून काढून दंड केला. पुढे पुन्हा निवडूनही दिले. आपल्याकडे सरपंचापासून मंत्र्यापर्यंत कोणाची मुदत संपली की निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ होते. पाच वर्षांचा जाब? तो पुढच्या निवडणुकीत, म्हणजे जात, पैसा, लाट, पक्षफुटी, चिन्ह आणि हवामान या सगळ्यांच्या गाठोड्यात एका बटणावर.

याविरुद्धचा सगळ्यात जोरकस मुद्दा मामांना माहीत नाही, म्हणून मीच सांगतो. जाब विचारण्याची ही हौस अथेन्सला महागात पडली. इ.स.पू. ४१३ मध्ये सिसिलीत सैन्य अडकले होते, माघार घेणे शहाणपणाचे होते, पण सेनापती निकियस तयार होईना. परत जाऊन अथेन्सच्या लोकांसमोर खटल्याला उभे राहण्यापेक्षा इथे शत्रूच्या हातून मेलेले बरे, असे तो म्हणाल्याचे इतिहासकार थ्यूसिडिडीस सांगतो. सैन्य बुडाले, तोही बुडाला. शिवाय खोटे खटले घालून पैसे उकळणाऱ्यांची एक जमातच तिथे तयार झाली. आपल्याकडे माहितीचा अधिकार म्हटले की 'ब्लॅकमेलर' हा शब्द लगेच निघतो, तसाच तिथे 'सायकोफंट' निघे. मुद्दा खरा आहे. पण त्यांनी यावर काय केले? जाब विचारण्याचा हक्क काढून घेतला नाही. सार्वजनिक खटल्यात फिर्याद करणाऱ्याला एक पंचमांश मतेही पडली नाहीत तर त्याला हजार द्राख्मांचा (द्राख्मा म्हणजे तिथले नाणे) दंड ठेवला. आपल्याला मात्र रोग दिसला की औषधाचे दुकानच बंद करायची सवय आहे.

आता चिठ्ठीकडे येऊ, कारण ग्रीकांची ही रीत ऐकून सुशिक्षित माणूस सर्वांत जास्त हसतो. अथेन्समधली बहुतेक पदे चिठ्ठीने भरत. सेनापती आणि तिजोरीचे काही अधिकारी मात्र निवडून येत. पाचशेंचे मंडळ चिठ्ठीचे, न्यायदाते चिठ्ठीचे. अथेन्सच्या अगोराच्या, म्हणजे जुन्या बाजारचौकाच्या, संग्रहालयात चिठ्ठी काढायच्या यंत्राचा दगडी तुकडा ठेवलेला आहे. चपटी शिळा, तिच्यावर अरुंद खाचांच्या ओळी. प्रत्येकाच्या नावाची छोटी पट्टी खाचेत बसवायची, बाजूच्या नळीत काळे-पांढरे गोटे ओतायचे, आणि एकेक गोटा खाली पडेल तशी एकेक ओळ घ्यायची किंवा गाळायची. वशिला लावायचा तर कोणाला, गोट्याला? ॲरिस्टॉटल तर स्पष्ट लिहितो, की पदे चिठ्ठीने भरणे हे लोकशाहीचे लक्षण मानतात आणि निवडणुकीने भरणे हे मूठभरांच्या राज्याचे. कारण निवडणूक जिंकायला नाव लागते, पैसा लागतो, घराणे लागते. अडीच हजार वर्षांनी आपल्या विधानसभेची यादी आडनावांवरून वाचून पाहा आणि तो चुकला असे सांगा.

गंमत म्हणजे चिठ्ठी आपल्याला परकी नाही. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत तहसीलमध्ये निघते तेव्हा शाळेतल्या एखाद्या पोराला पुढे बोलावून बरणीत हात घालायला लावतात, आणि बाहेर उभ्या इच्छुकांचे चेहरे त्या पोराच्या बोटांवर टांगलेले असतात. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत एका वॉर्डात दोघांना सारखी मते पडली, तेव्हा निकाल चिठ्ठीनेच लागला. त्याही मागे जायचे तर तामिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या शिलालेखात, दहाव्या शतकाच्या सुरुवातीला, गावसभेच्या समित्या अशाच भरत. ताडपत्रावर नावे लिहून मडक्यात टाकायची आणि लहान मुलाकडून काढून घ्यायची. त्याच लेखात आणखी एक अट कोरली आहे: ज्याने मागच्या वेळचा हिशेब दिला नाही तो बाद, आणि त्याचे नातेवाईकही बाद. नातेवाईकही! हे वाचून हसू येते आणि मग येईनासे होते. (जमीन आणि वेदाध्ययन याही अटी तिथे होत्या, तेव्हा सुवर्णयुगाचे ढोल वाजवू नयेत.) सगळी सत्ता चिठ्ठीने वाटा असे मी म्हणत नाही. पण निवडणूक म्हणजेच लोकशाही, दुसरे काही असूच शकत नाही, हा आपला ठाम समज किती अलीकडचा आहे ते यावरून कळते.

मामांचे म्हणणे हा नुसता घरगुती वाद राहिलेला नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. हरियाणाने २०१५ मध्ये पंचायत निवडणूक लढवायला शिक्षणाची अट घातली. सर्वसाधारण पुरुषाला दहावी, स्त्रियांना आणि दलितांना थोडी शिथिल. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. बरे-वाईट ओळखण्याची शक्ती शिक्षणानेच येते अशा अर्थाचे वाक्य निकालात आहे. महाराष्ट्रानेही २०१७ मध्ये थेट सरपंच निवडताना १९९५ नंतर जन्मलेल्यांना सातवी पासची अट लावली. प्लेटो हे वाचून खूश झाला असता? मला शंका आहे. गणित आणि तत्त्वज्ञान शिकून, कारभाराचा अनुभव घेऊन पन्नाशी गाठल्यावरच तो माणसाला सत्तेच्या लायक मानत असे. सातवी पास बघून त्याने कपाळाला हात लावला असता. पण उत्तर द्यायला त्याचाच शिष्य उभा आहे. ॲरिस्टॉटल म्हणतो, एकेकटा माणूस बेताचा असला तरी सगळे मिळून एका शहाण्यापेक्षा सरस ठरू शकतात, जशी अंगतपंगत एकट्याच्या खर्चाच्या जेवणापेक्षा सरस होते. आणि पुढे: घर कसे झाले हे बांधणाऱ्यापेक्षा राहणाऱ्याला जास्त कळते, जेवणाची परीक्षा आचाऱ्याने करायची नसते, जेवणाऱ्याने करायची असते.

हे मला पुस्तकात वाचून जेवढे पटले त्यापेक्षा आमच्या गावच्या ग्रामसभेत जास्त पटले. स्वातंत्र्यदिनाची सभा, ग्रामसेवक अहवाल वाचत होते, जलकुंभाचे काम शंभर टक्के पूर्ण. मागून सत्तरीची एक आजी, अंगठा लावणारी, म्हणाली, "टाकी झाली म्हणताय भाऊसाब, मग तिच्यात पारवं का घुमत्यात?" सभेत दोन इंजिनीअर होते, एक निवृत्त मुख्याध्यापक होते, मीही होतो. आमच्यापैकी कोणाच्या घरी त्या टाकीचे पाणी यायचे नव्हते. आमच्या बोअर होत्या. आता शहाणपणाची वाटणी दाखल्यावरून करायची तर या सभेत कोणाला गप्प बसवाल? आजीने टाकीचे डिझाइन करावे असे कोणी म्हणत नाही. टाकीत पाणी आहे की पारवे, हे सांगायला मात्र तिच्याहून मोठा तज्ज्ञ त्या पंचक्रोशीत नव्हता.

भाचीच्या आक्षेपाला मात्र मी उत्तर देणार नाही, कारण तो खरा आहे. अथेन्सच्या नागरिकाला सभेत बसायला जी फुरसत मिळे तिच्यामागे गुलामांचे श्रम होते, आरमाराच्या खर्चामागे लॉरियमच्या खाणीतली चांदी होती, आणि त्या खाणीत माणसे कशी राबत याचा विचार केला की लोकशाहीचे गोडवे गाणारे पेरिक्लीसचे भाषण घशाखाली उतरत नाही. ॲरिस्टॉटलने तर काही माणसे जन्मतःच गुलाम असतात असे लिहून ठेवले. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणारे तत्त्वज्ञान किती टिकाऊ असते हे आपल्याला ग्रीसला जाऊन शिकायला नको. पण म्हणून काय करायचे? जेवणाऱ्यानेच जेवणाची परीक्षा करावी हे तत्त्व एकदा उच्चारल्यावर, घरातली बाई जेवत नाही का, खाणीतला गुलाम जेवत नाही का, हा प्रश्न अडवायला ॲरिस्टॉटलजवळ काहीच उरत नाही. वाक्य त्याच्या हातून निसटलेले आहे. तो स्वतः अथेन्समध्ये परका, त्याला सभेत मत नव्हते. ही गोष्ट त्याला कधी टोचली असेल का, कोण जाणे.

राहिले लिच्छवीवाले. गणसंघ होते, त्यांच्या सभा भरत, वारंवार एकत्र बसणाऱ्या वज्जींचा (लिच्छवी ज्या संघात होते त्यांचा) ऱ्हास होणार नाही असे बुद्धांनी म्हटल्याचे महापरिनिब्बान सुत्तात आहे, सगळे मान्य. पण हा अभिमान मिरवताना एका माणसाची गाठ पडते, आणि त्याला ओलांडून पुढे जाता येत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेला आठवण करून दिली, की भारतात एकेकाळी गणराज्ये होती आणि भिक्षुसंघांना संसदीय कामकाजाचे सगळे नियम ठाऊक होते. लगेच विचारले, ही लोकशाही आपण एकदा गमावली, पुन्हा गमावणार का? आणि त्याच्या वर्षभर आधी, ४ नोव्हेंबर १९४८ ला, मसुदा मांडताना त्यांनी आधार घेतला तो जॉर्ज ग्रोट या ग्रीसच्या इतिहासकाराचा. 'संवैधानिक नीतिमत्ता' हा आज न्यायालयाच्या निकालांतून सारखा भेटणारा शब्द तिथून आला. ग्रोटने तो कशाबद्दल वापरला होता? इ.स.पू. ५०८ च्या सुमारास अथेन्सची घडी बसवणाऱ्या क्लेइस्थेनीसच्या सुधारणांबद्दल. लोकांनी संविधानाच्या रीतींचा परम आदर करावा, अधिकाऱ्याची आज्ञा पाळावी आणि त्याच वेळी त्याच्यावर मोकळेपणी हवी तितकी टीका करावी. ही सवय लोकांत भिनल्याशिवाय राज्य चालत नाही, असा त्याचा रोख. आंबेडकरांनी पुढे जोडले, की ही भावना उपजत नसते, ती जोपासावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. ज्याला संघही माहीत आणि अथेन्सही माहीत, त्याला दोहोंपैकी एक फेकून द्यावेसे वाटले नाही. आपल्यालाच ही घाई का?

मसुदा मांडतानाच्या त्याच भाषणात आंबेडकरांनी खेड्याला संकुचितपणाचे डबके आणि अज्ञानाची गुहा म्हटले आहे, हे मी विसरलेलो नाही. ग्रामसभेचे गोडवे गाणाऱ्याने हे वाक्य खिशात ठेवूनच सभेला जावे.

संवैधानिक नीतिमत्तेच्या त्या सवयीचा अर्थ काय, हे मला मिटिलीनीच्या गोष्टीतून कळले. इ.स.पू. ४२७. अथेन्सच्या गोटातल्या मिटिलीनी या शहराने बंड केले, ते मोडले, आणि चिडलेल्या सभेने तिथल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना मारायचा आणि बायकामुलांना गुलाम करायचा ठराव केला. हुकूम घेऊन जहाज निघालेही. रात्री लोकांना आपण काय करून बसलो ते जाणवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा. क्लिऑन हा पुढारी गरजला, की दिलेले निकाल फिरवणारी लोकशाही राज्य करायच्या लायकीची नाही. डायोडोटस नावाचा, एरवी इतिहासात कुठे न दिसणारा माणूस उठला आणि म्हणाला, घाई आणि संताप हे शहाणपणाचे दोन वैरी आहेत. हात वर झाले, जवळजवळ बरोबरीत. डायोडोटस थोडक्यात जिंकला. दुसरे जहाज सुटले, एक दिवस-रात्र मागे. वल्ही मारणारे वल्ही न सोडता खात होते, जवाचे पीठ दारूत आणि तेलात कालवलेले. आळीपाळीने झोपत होते. पहिले जहाज अशा कामाला निघालेले, की कोणाला पोचायची घाई नव्हती. सेनापती हुकूम वाचून अंमल करणार तोच दुसरे जहाज किनाऱ्याला लागले.

ही गोष्ट गोड करून सांगू नये. बंडाच्या पुढाऱ्यांना तरीही मारलेच, हजाराहून जास्त. आणि अकरा वर्षांनी मेलोस बेटावर तसाच निकाल झाला तेव्हा मागून कोणते जहाज निघाले नाही. तरी प्लेटोच्या जहाजापेक्षा हे दुसरे जहाज मला जास्त शिकवते. पहिल्यात प्रश्न आहे कप्तान कोण. दुसऱ्यात प्रश्न आहे, चुकीचा हुकूम सुटल्यावर मागे धावायची सोय आहे का. अथेन्सने इ.स.पू. ४०३ नंतर ती सोय कायद्यात बसवली. कायदा वेगळा आणि सभेचा ठराव वेगळा. ठराव कायद्याच्या वर जाऊ शकत नाही. बेकायदा ठराव मांडणाऱ्यावर कोणीही नागरिक खटला भरू शकतो, ही सोय आधीपासून होती, तिला आता पक्का आधार मिळाला. म्हणजे अर्जिन्युसीला ज्या लोकांनी 'जनतेला हवे ते' म्हणून आरडाओरड केली, त्याच लोकांनी पुढे स्वतःच्याच पायात साखळी घातली. आमच्याकडे बहुमत आहे, आम्हाला विचारणारे तुम्ही कोण, हे वाक्य आपल्याला कोणत्या पक्षाच्या तोंडून ऐकू येत नाही?

शेवटचा आक्षेप आकाराचा. तीसेक हजार नागरिकांचे शहर कुठे आणि २०२४ मध्ये ९६ कोटींहून जास्त मतदार असलेला देश कुठे. सभा भरवून राज्य करायचे असते तर आक्षेप बिनतोड होता. पण हिशेब घ्यायला आणि पुनर्विचार करायला अथेन्सच्या सभेसारखे टेकडीवर गोळा व्हावे लागत नाही. आयर्लंडने २०१६ मध्ये ९९ नागरिक यदृच्छेने निवडले, गर्भपातबंदीसारखा राजकारण्यांनी वर्षानुवर्षे टाळलेला प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला, त्यांनी तज्ज्ञ ऐकले, एकमेकांना ऐकले, शिफारस केली, आणि २०१८ च्या सार्वमतात देशाने ६६ टक्क्यांनी बंदी उठवायला कौल दिला. आपल्याकडे राजस्थानच्या गावांतल्या जनसुनावण्यांत मजुरांनी हजेरीपट मोठ्याने वाचून मेलेल्या माणसांच्या नावावर निघालेली मजुरी पकडली. तिथून माहितीचा अधिकार आला, २००५ च्या रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षण आले. त्या मजुरांनी ग्रीकांचे नावही ऐकले नव्हते. जाब विचारायची गरज पडली की माणूस कुठलाही असो, फिरून त्याच दारात येतो. गडचिरोलीतल्या मेंढा गावाने 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हटले तेव्हा त्यांनाही कोणी पेरिक्लीस वाचून दाखवला नव्हता.

अथेन्सची लोकशाही अडाण्यांच्या मतांनी बुडाली, असे मामा नेहमी म्हणतात. मध्ये दोनदा पडलेला थोडा खंड सोडला तर ती जवळजवळ १८५ वर्षे चालली, आणि इ.स.पू. ३२२ मध्ये मॅसिडोनियाच्या अँटिपेटरने ती बंद केली. कशी? दोन हजार द्राख्मांची मालमत्ता असेल त्यालाच नागरिकत्व, अशी अट घालून आणि बंदरावर आपली फौज बसवून. लायक माणसांपुरते मत ठेवण्याची ती कल्पना शेवटी अमलात आली ती परक्या भाल्यांच्या पहाऱ्यात.

अथेन्समध्येही लोक सभेला यायला कंटाळत. ॲरिस्टोफेनीसच्या नाटकात, बाजारात रेंगाळणाऱ्यांना सभेकडे हाकायला लाल रंगाने माखलेला दोर फिरवतात आणि लोक तो चुकवत पळतात, असे आहे. पुढे तर हजेरीचा भत्ता सुरू करावा लागला. आमच्याकडे दोर नाही, रजिस्टर आहे. त्या स्वातंत्र्यदिनाच्या सभेला आम्ही चाळीसएक जण होतो. कोरम भरत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई रजिस्टर काखेत मारून घरोघर फिरला. माझ्याकडे आला तेव्हा मी चहा घेत होतो, त्यालाही दिला. पान उघडून बघितले. आजीच्या टाकीबद्दल एक अक्षर नव्हते, 'विषय चर्चेला येऊन सर्वानुमते मंजूर' एवढेच. आमच्या घरातून सभेला मी एकटाच गेलो होतो. खाली रिकाम्या ओळी बऱ्याच होत्या, शिपाई म्हणाला, "सर, वहिनींची पण घ्या." मी तिची सही केली.